एक हजार चोवीस

फोन आला तेव्हा हसीब पिंजारी एका मोठ्या गादीच्या मधोमध मांडी घालून बसला होता आणि दाभणात ओवलेला जाड दोरा ओढत होता. जळगावात आता गाद्या भरून घेणारे फारसे उरलेले नाहीत. लोक फोमच्या गाद्या प्लास्टिकसकट घरी नेतात आणि वर्षभर ते प्लास्टिकही काढत नाहीत. पण धरणगावकडची काही घरं अजून मुलीच्या लग्नात कापसाची गादी देतात आणि त्यांना हसीबच लागतो. नंबर अनोळखी होता. अशा नंबरांची त्याला सवय झाली होती, दिवसाला चार-पाच तरी यायचेच, "हसीबसर का? कुंदाबाईंच्या ग्रुपमध्ये आम्हालाही घ्या ना." म्हणून त्याने दाभण गादीत खोचलं, आवाज जरा वजनदार केला आणि म्हणाला, "बोला."

"हसीबचाचा ना? मी भूमिका. धुळ्याहून बोलतेय, रतिलालनानांची सून."

तिचं मराठी सुरतेत वाढलेल्या मुलीचं होतं, शब्द जरा जपून टाकणारं. "चाचा, एक काम होतं. नानांचा नंबर ग्रुपमधून निघून गेलाय, चाळीस दिवस झाले. आपोआप निघाला असेल, जागा भरली की जुने नंबर निघतात म्हणे. परत टाकता आला तर बघा ना. सकाळचं गाणं ऐकल्याशिवाय नाना चहाच घ्यायचे नाहीत."

"नानालाच दे फोन," हसीब म्हणाला. त्याच्या छातीत काहीतरी आनंदाने उसळलं होतं. शेवटी आला म्हणायचा फोन. आता म्हातारा शिव्या घालणार.

"नाना बोलत नाहीत, चाचा. अर्धांगवायू झाला ना त्यांना. आठ महिने होतील आता. तुम्हाला कोणी कळवलं नाही?"

"पाहतो, बेटा," असं काहीतरी तो म्हणाला आणि फोन बंद झाला. मग त्याला दाभण सापडेना. गादीत दाभण विसरणं हा त्याच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. बापाने पहिल्या दिवशी कानाला धरून शिकवलेली ती गोष्ट. चाळीस वर्षांत हे एकदाही झालं नव्हतं. तो दोन्ही तळव्यांनी गादी चाचपत राहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि डोक्यात एकच शब्द घोळत होता: आपोआप. बिचारीने किती सहज तो शब्द त्याच्या पुढ्यात ठेवला होता. नंबर आपोआप निघाला नव्हता. हसीबने नाव वाचलं होतं, 'रतिलाल नाना धुळे', त्यावर अंगठा दाबून धरला होता, 'काढायचं का?' असं फोनने विचारल्यावर क्षणभर थांबला होता आणि मग काढलं होतं. थांबला होता, हे विशेष. चुकून झालं म्हणायलाही त्याने स्वतःला जागा ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुळ्याच्या बसमध्ये बसला तो बायकोमुळे, सकीनामुळे. रात्रभर त्याचा विचार असा चालला होता की, नंबर परत टाकून द्यावा आणि एक चांगला मोठा मेसेज लिहावा. सकीनाने चहाचा कप त्याच्यापुढे आदळला. "फोनवर कसानी माफी मांगस? धुयाले जाय ना. हजार लोकेस्ना सलाम लेस रोज, एक मानूसना घर जावाले पाय दुखतस का?" तिला नवऱ्याचं ते हसीबसर होणं कधीच पटलं नव्हतं. अंगठ्याने काढलं आणि अंगठ्यानेच परत टाकलं तर मधल्या चाळीस दिवसांचं काय करायचं, हे त्यालाही कळत नव्हतं. खिडकीबाहेर कपाशीची रानं वेचून झालेली, नुसत्या वाळक्या काड्यांच्या पळाट्या उभ्या होत्या. सकाळचे सात वाजले आणि सवयीने त्याचा हात खिशाकडे गेला. रोज या वेळी तो ग्रुपवर एक गाणं टाकायचा, आधी स्वतःच्या आवाजात दोन वाक्यं बोलून. "सलाम-नमस्कार मंडळी, आज बाईंचं हे गाणं ऐका." आज त्याने फोन बाहेर काढला नाही. पंधरा मिनिटांत विचारणा सुरू झाल्या, खिसा थरथरत राहिला. एक हजार चोवीस माणसं. त्याहून जास्त माणसं ग्रुपमध्ये मावतच नाहीत, आणि ग्रुप भरला तो दिवस हसीबने पेढे वाटून साजरा केला होता.

सुरुवात अकरा जणांपासून झाली होती. कुंदाबाई धरणगावच्या बाजूची, लग्नात हळदीची गाणी म्हणणारी बाई. कोणा हौशी माणसाने तिची एक कॅसेट काढली, सहा गाण्यांची, आणि ती फारशी खपली नाही. रतिलालला ती जळगावच्या बाजारात मिळाली. तो तेव्हा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता आणि हसीबच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहायचा. एका रविवारी दुपारी वरून तो आवाज आला आणि हसीब हातातला कापूस तसाच टाकून जिना चढला. दारात उभा राहिला. रतिलालने मान वर केली नाही, फक्त जरा सरकून चटईवर जागा केली. तेवढंच. पुढच्या पंधरा वर्षांत त्या जागेवर आणखी नऊ जण आले: एक कंपाउंडर, दोन मास्तर, एरंडोलचा एक पानवाला, बोदवडहून रेल्वेने येणारा एक केळीवाला, असे कोण कोण. दर रविवारी दुपारी हसीबच्या दुकानात नवी भरलेली गादी अंथरायची आणि तिच्यावर बसून तीच सहा गाणी ऐकायची. तिसऱ्या गाण्यात दोन ओळींच्या मध्ये बाई श्वास घ्यायची, जरा उशिरा, धाप लागल्यासारखा, आणि तिच्या बांगड्या वाजायच्या. त्या श्वासाची अकराही जण वाट पाहायचे. तो आला की कोणी कोणाकडे बघायचं नाही, असा अलिखित नियमच होता.

दुसरा नियम रतिलालचा. टेपचा आवाज चारवर. कोणी वाढवायला गेलं की तो हात धरायचा. "आवाज वाढवना पडना का समजी ले, एक मानूस जास्ती व्हई गया." बारावा माणूस आणायची गोष्ट निघाली की हेच. हसीबला तेव्हाही ते खटकायचं. एवढी गुणाची बाई, आणि तिचं गाणं एका गादीवर मावेल एवढ्याच लोकांनी ऐकायचं? एकदा सगळे मिळून तिच्या गावी गेले. ती ओट्यावर तूर पाखडत बसली होती. तिने गायला साफ नकार दिला, नवरा गेल्यापासून गात नाही म्हणाली, पण चहा केला आणि एकेकाचं नाव-गाव विचारलं. मग म्हणाली, "कितला जन शेतस तुम्हीन बठ्ठा?" अकरा, सांगितलं. "मंग बरं शे. अकरा जनस्ना तोंडं ध्यानमा ऱ्हातस." परतीच्या वाटेवर रतिलालने ते वाक्य जिंकल्यासारखं तीनदा म्हणून दाखवलं. हसीब हसला होता, पण त्याला वाईट वाटलं होतं. आपण अकरा जण मेलो की ही बाई संपली, असं त्याच्या मनात आलं होतं, आणि अजूनही त्याला वाटतं की त्या विचारात काही पाप नव्हतं.

बाई गेली. अकरातलेही चार जण गेले, तिघं लेकांकडे पुण्या-नाशकाला राहायला गेले. रतिलाल निवृत्त होऊन धुळ्याला, देवपुरातल्या आपल्या घरी गेला. रविवार बंद पडला. मग ग्रुप निघाला. हसीबनेच काढला, उरलेल्या चौघांसाठी, म्हातारपणी तेवढाच विरंगुळा. कॅसेटवरची गाणी त्याने एकाकडून फोनमध्ये घेतली होती, ती एकेक करून टाकायला लागला. चाराचे साठ झाले, साठाचे तीनशे. नाशिकहून, सुरतेहून, दुबईहूनही लोक आले, ज्यांची आई कधीतरी तशी गाणी म्हणायची. एक जण रडत फोनवर म्हणाला, "सर, तुम्ही माझी आजी परत दिली." असं कोणी म्हटल्यावर माणसाने काय करावं? सर म्हणवून घेणारा हसीब सातवी नापास होता. तो रात्री फोन उशाशी घेऊन झोपायला लागला. मग गुड मॉर्निंगची फुलं आली, नेत्यांचे वाढदिवस आले, बियाण्यांच्या जाहिराती आल्या. हसीब सगळ्यांना दम द्यायचा आणि सगळ्यांना ठेवून घ्यायचा.

शेवटचं भांडण त्या तिसऱ्या गाण्यावरून झालं, त्यालाही आता दीड वर्ष होऊन गेलं. ग्रुपमधल्याच कोणीतरी त्या गाण्याला डीजेचा ठोका लावला आणि त्या उन्हाळ्यात ते खानदेशातल्या हळदी-हळदीत वाजलं. हसीबने जळगावात एका वरातीत ते ऐकलं. पाचशे पोरं नाचत होती, आणि मध्ये कुंदाबाईचा आवाज. रस्त्याच्या कडेला उभा राहून तो ढसढसा रडला होता. त्याच भरात त्याने रतिलालला फोन लावला. रतिलाल म्हणाला, "त्यास्नी तो श्वास काढी टाका, हसीब. ठोकामा बसत नही म्हनीसन काढी टाका. आते ती बाई कोठे शे त्यामा?" हसीब चिडला. "बाईनी काय पाप करेल शे? अकरा लोकेस्मा मरी गयी. दुनियाले आयकू दे ना!" तेव्हा रतिलाल शांतपणे म्हणाला, "तुले बाई नको शे. तुले लोके पायजेल शेत." आणि फोन ठेवला. ते वाक्य हसीबला लागलं, कारण ते अर्धं तरी खरं होतं, आणि अर्धं खरं आहे हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. त्यानंतर रतिलालने ग्रुप सोडला नाही. पण एक अक्षरही लिहिलं नाही. अंगठा नाही, फूल नाही, काही नाही. गाणं टाकलं की हसीब पाहायचा, हजारांच्या यादीतून ते एकच नाव शोधून पाहायचा, की ऐकलं का. ऐकलेलं असायचं. तरी गप्प. हे गप्प राहणं त्याला दिवसेंदिवस तिरस्काराचं वाटायला लागलं. एका बाजूला हजार माणसं वाहवा करतायत आणि एक म्हातारा कोपऱ्यात बसून नुसता तोलतोय, असं वाटायचं.

म्हणून ग्रुप भरला, बाहेर तीस-पस्तीस जण ताटकळत उभे राहिले, तेव्हा हसीबने हुकूम काढला: सहा महिन्यांत ज्यांनी काहीच प्रतिक्रिया दिली नाही त्यांना कमी करण्यात येईल. मुके मेंबर काय कामाचे? यादीत बेचाळीस नावं निघाली. एकेचाळीस त्याने न बघता काढली. बेचाळिसाव्यावर अंगठा ठेवून तो थांबला तेव्हा त्याच्या मनात राग नव्हता, खरं सांगायचं तर लाड होता. आता तरी बोलेल. आता फोन करील, म्हणेल, अरे हरामखोरा, माझ्याच कॅसेटवर उभा राहून मलाच बाहेर काढतोस? मग मी म्हणेन, नाना, येतोस का रविवारी? सगळं असं नीट ठरलेलं होतं. त्याने चाळीस दिवस वाट पाहिली. स्वतः एकदा फोन करावा असं चाळीस दिवसांत त्याला सुचलं नाही, सुचलं तर पटलं नाही. आणि तिकडे त्या माणसाचा उजवा हात उशीवर ठेवलेला होता आणि जीभ वळत नव्हती.

देवपुरातलं घर त्याला लगेच सापडलं. दार भूमिकेने उघडलं. फोटोत पाहिली होती त्याहून बारीक दिसत होती. नवरा, चंदन, सुरतेत कापड मार्केटमध्ये. ही इथे सासऱ्याजवळ. "कळवायला हवं होतं, चाचा," तीच अपराध्यासारखी म्हणाली. "ग्रुपवर टाकणार होते. पण तिथे रोज तीनशे मेसेज. आणि नानांनी डाव्या हाताने नको म्हटलं. मग मी रोज सकाळी फोन त्यांच्या कानाशी धरायचे. आधी तुमचं बोलणं यायचं ना, सलाम-नमस्कार मंडळी, तेव्हाच ते मान हलवायला लागायचे. गाणं त्याच्यानंतर."

हसीबला चप्पल काढायला वेळ लागला. आत खिडकीपाशी खाटेवर रतिलाल टेकून बसला होता. तोंड एका बाजूला ओघळलेलं, केस नीट विंचरलेले. डोळे मात्र तेच, माणसाला सरकून बसायला लावणारे. त्यांनी हसीबला पाहिलं आणि ओळखलं. हसीब खाटेजवळच्या खुर्चीवर बसला. पूर्ण रस्ताभर एक शब्द त्याच्याजवळ तयार होता, त्या पोरीनेच दिलेला, आणि आताही तिने तो पुढे केला. "नाना, पाहिलंत का कोण आलंय? ग्रुप भरला म्हणून नंबर आपोआप गेला होता आपला. चाचा खास त्यासाठी आले."

हो म्हटलं असतं तर सगळं जागेवर बसलं असतं. रतिलालचा डावा हात चादरीवर थोडा हललाही होता.

"नही, नाना," हसीब म्हणाला. "आपोआप नही गया. मी काढा. नाव वाचीसन काढा." त्याचा आवाज त्यालाच परका वाटत होता. "माले वाटनं तू रुसेल शे. काढा म्हंजे तू फोन करशी. शिव्या देशी. माले काय माहीत, नाना, तुनाकडे बोलच नही ऱ्हायना."

भूमिका दारात उभी होती. "मुद्दाम?" ती म्हणाली. एवढंच, आणि तेही मोठ्याने नाही. मग ती आत गेली. भांड्याचा आवाज आला. रतिलाल हसीबकडे बघत होता. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, रागाशी हसीबची चाळीस वर्षांची ओळख होती. तो नुसता बघत होता, जसा कोणी दूरच्या माणसाचं बोलणं ऐकून घेतो, आणि नंतर त्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

चहा बशीत ओतून, चमचा घेऊन भूमिका आली. रतिलालने ओठ मिटून घेतले. तिने हसीबकडे चोरटं पाहिलं, तिला लाज वाटत होती हे उघड होतं. "गाणं बंद झाल्यावर हे असंच व्हायला लागलं," ती बशीकडे बघत म्हणाली. "तीन दिवस चहा नाही, दूध नाही. मग मीच म्हणायला लागले. मला एकच येतं, तेही अर्धं. म्हणून फोन केला तुम्हाला." आणि ओढणी सारखी करून, जेमतेम खोलीपुरत्या आवाजात ती म्हणू लागली:

"माहेरनी वाटवर बाभूळ एकली..."

बाभूळ नाही, बाई बाभूय म्हणायची, बाभूय, हसीबच्या मनात ओरडून झालं. चाल घसरत होती, मध्येच गरब्याकडे झुकत होती. तिचा आवाज पातळ होता, जागोजाग फाटत होता. आणि रतिलालने डोळे मिटले होते. ओघळलेल्या तोंडाच्या चांगल्या बाजूवर काहीतरी सैल झालं होतं. दुसऱ्या ओळीपाशी ती अडली. तिला शब्द येत नव्हते, ती नुसतं गुणगुणायला लागली, आणि हसीबला राहवलं नाही. चाळीस वर्षांची ओळ त्याच्या तोंडात आपसूक आली. "तिनी सावलीले माय मनी..."

रतिलालचा डावा हात वर झाला. तळवा हसीबकडे. हात खाली येत नव्हता. हसीब गप्प झाला. भूमिकाही थांबली, तेव्हा तोच हात तिच्याकडे वळला आणि बोटांनी, चालू दे, म्हणाला. ती पुन्हा गुणगुणली, शब्दांवाचून, चुकीचं. रतिलालने तोंड उघडलं आणि तिने चमचा आत सोडला. असे दहा-बारा चमचे झाले. हसीब खुर्चीच्या कडेवर बसून ते पाहत होता. त्याला त्या अठ्ठावीस वर्षांच्या पोरीचा हेवा वाटला, आयुष्यात कोणाचा वाटला नव्हता एवढा, आणि त्या हेव्याची इतकी शरम वाटली की त्याला मान वर करवेना. खिशात फोन थरथरतच होता.

निघताना ती दारापर्यंत आली. "नंबर टाकतो परत," तो चप्पल चाचपत म्हणाला. "आत्ताच टाकतो."

"राहू द्या, चाचा. आता नको."

तो पायरी उतरला आणि थांबला. "रविवारी येऊ का मी?"

भूमिकेने मागे वळून खोलीकडे पाहिलं. रतिलाल खिडकीबाहेरच बघत होता. तिने जरा विचार केला, मग आवाज अगदी खाली आणला. "या. पण बोलू नका, गाऊही नका. गप्प बसून ऐकणार असाल तर या."

हसीबच्या ओठांवर 'हो' आलं होतं. ते त्याने गिळलं आणि नुसती मान हलवली.